स्पॅनिश कानानं शिकायची, तर ऑडिओ कोर्स कसा निवडायचा

कोणताही कोर्स विकत घ्यायच्या आधी त्याचा एक धडा लावा आणि एवढंच बघा, की शिक्षक प्रश्न विचारून गप्प बसतोय का. "मला पाणी पाहिजे, हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणाल?" असं विचारलं आणि मग पाच-सहा सेकंद कानात काहीच नाही, तर तो कोर्स कामाचा. त्या शांततेत आपलं डोकं शब्द शोधतं, तोंड उघडतं, चुकतं, आणि लगेच बरोबर उत्तर कानावर पडतं, शिकणं होतं ते एवढ्याच जागेत. बाकी पाठीमागं म्युझिक किती गोड आहे, आवाज कुणाचा आहे, अॅप किती रंगीत आहे, हे सगळं नंतर.

मी हे पैसे घालवून शिकले. वाळूजला एका कंपनीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते, मेक्सिकोचा कस्टमर आला तेव्हा माझं वय ३९ होतं. त्यांचे सकाळचे आठ वाजले की आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात होतात, कॉल त्याच वेळेला असायचा, समोरचे लोक आपसात स्पॅनिशमध्ये बोलायचे आणि आम्ही इकडं नुसते स्क्रीनकडं बघत बसायचो. म्हणलं, शिकायचंच. पहिला कोर्स घेतला तो नुसता वाक्यांची यादी होता, टॅक्सी कुठं मिळेल, खोलीचं भाडं किती, असं एक वाक्य इंग्रजीत, एक स्पॅनिशमध्ये, आणि पुढचं. तीन महिने रोज कंपनीच्या बसमध्ये ऐकला, वाक्यं पाठ झाली, पण कॉलवर "पेपर उद्या पाठवते" एवढं साधं वाक्य जमंना, कारण ते यादीत नव्हतंच. माझा आळस नव्हता, कोर्सची पद्धतच तशी होती, हे मला लै उशिरा कळलं. म्हणून हे एवढं सविस्तर लिहायलेय, तुमचे तीन महिने वाचावेत.

आधी कशासाठी शिकायचीय ते ठरवा

हे दोन ओळीत वहीत लिहून काढा, खरंच लिहा. वेरूळ-अजिंठ्याला गाईडचं काम करणाऱ्याला एकटं सलग बोलावं लागतं, लेणं किती जुनं, कुणी कोरलं, सांभाळून चाला पायऱ्या आहेत. माझ्यासारखीला समोरच्याचं फोनवरचं बोलणं कळलं पाहिजे. ज्याचा मुलगा किंवा मुलगी स्पेनला शिकायला गेलीय त्याला तिथं भेटायला जाण्यापुरती दुकानातली, बसमधली भाषा पुरते. आणि कुणाला सर्टिफिकेट पाहिजे असेल तर डेले नावाची परीक्षा असते, ए१ पासून सी२ पर्यंत सहा पातळ्या, ती इन्स्तितूतो सेर्वान्तेस ही स्पेन सरकारची संस्था घेते आणि त्यांचं केंद्र दिल्लीत आहे. परीक्षेला लिहिणं-वाचणंही लागतं, त्यामुळं नुसत्या ऑडिओवर ती निघणार नाही, हे आधीच मनाशी धरा.

मग कुठली स्पॅनिश ते ठरवा

स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे, शिवाय पोर्तो रीकोतही बोलतात. व्याकरण बहुतेक एकच, पण कानाला फरक जाणवतो. स्पेनच्या बऱ्याच भागात काही अक्षरांचा उच्चार जीभ दातात धरून 'थ'सारखा करतात, तिथं मेक्सिकोत सरळ 'स' म्हणतात. बटाट्याला स्पेनमध्ये पाताता, मेक्सिकोत पापा. कॉम्प्युटरला तिकडं ओर्देनादोर, इकडं कोम्पुतादोरा. मोबाईल तिकडं मोविल, इकडं सेलुलार. स्पेनमध्ये मित्रमंडळींच्या घोळक्याला उद्देशून वेगळं सर्वनाम आणि क्रियापदाचं वेगळं रूप वापरतात, लॅटिन अमेरिकेत ते वापरातच नाही, म्हणजे तुमचं काम लॅटिन अमेरिकेतल्या लोकांशी असेल तर एक अख्खा रकाना पाठ करायचं वाचलं. अर्जेंटिनात 'तू'साठी 'वोस' म्हणतात आणि जिथं बाकीचे 'य' म्हणतात तिथं 'श'सारखा आवाज काढतात. कोर्सच्या नावाखाली लॅटिन अमेरिकन लिहिलंय का कास्टिलियन, म्हणजे स्पेनमधली, ते बघूनच घ्या, पण यावर महिनाभर विचार करत बसू नका. काहीच ठरत नसेल तर लॅटिन अमेरिकन घ्या, स्पेनमधल्या माणसालाही ती नीट कळते.

आता खरे कोर्स

पिम्स्लर. पॉल पिम्स्लर हे अमेरिकेतले भाषाशिक्षणाचे अभ्यासक, १९७६ ला वारले. १९६७ मध्ये त्यांनी एक वेळापत्रक मांडलं होतं, की नवीन शब्द ऐकल्यावर तो ५ सेकंदांनी परत विचारायचा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, मग १० मिनिटांनी, असं अंतर वाढवत वाढवत दिवस आणि महिन्यांपर्यंत न्यायचं. शब्द विसरायच्या बेतात असतानाच तो परत ओढून काढायचा, ही त्यातली मेख. धडा अर्ध्या तासाचा, एका लेव्हलला तीस धडे, स्पॅनिशच्या पाच लेव्हल आहेत, म्हणजे सगळे मिळून ७५ तास. लांब शब्द ते शेवटाकडून शिकवतात, समजा कास्तेयानो हा शब्द असेल तर आधी 'नो', मग 'यानो', मग 'तेयानो', मग पूर्ण 'कास्तेयानो'. चुलीपुढं बसून हे म्हणून बघा, जीभ आपोआप वळते. याची दुसरी बाजू म्हणजे शब्द हळूहळू वाढतात, नियम समजावून सांगत नाहीत, आणि पैसे लागतात. ज्याला उच्चार पक्का करायचाय आणि रोजचा अर्धा तास बांधलेला आहे त्याच्यासाठी हे चांगलं.

मिशेल थॉमस. पोलंडच्या वूच शहरात जन्मलेले हे शिक्षक २००५ मध्ये गेले, पण त्यांच्या आवाजातले धडे अजून मिळतात. दोन विद्यार्थी समोर बसलेत, ते चुकतात, गुरुजी सुधारतात, आणि आपण तिसरे. पाठांतर करू नका, लक्षात ठेवायची जबाबदारी शिकवणाऱ्याची, असं त्यांचं म्हणणं. यात एक गोष्ट तुम्हालाच पाळावी लागते, प्रश्न आला की स्वतः पॉज दाबायचा आणि विद्यार्थ्याच्या आधी मोठ्यानं उत्तर द्यायचं. नाहीतर दुसऱ्याचा तास खिडकीतून ऐकल्यासारखं होतं.

लँग्वेज ट्रान्सफर. हा पूर्ण फुकट आहे, लोकांच्या देणगीवर चालतो, मिहालिस एलेफ्थेरियू नावाचे शिक्षक एका विद्यार्थ्याला शिकवतात, स्पॅनिशचे ९० छोटे छोटे धडे आहेत, सगळे मिळून साधारण १५ तास. यातही पॉज स्वतःच दाबायचा. वाक्य कसं तयार होतं हे इतकं उलगडून सांगितलंय की मला पहिल्या आठवड्यातच माझी स्वतःची वाक्यं करता येऊ लागली. इंग्रजीतल्या 'शन'नं संपणाऱ्या बऱ्याच शब्दांना स्पॅनिशमध्ये 'सिऑन' लागतं, ही युक्ती यात सुरुवातीलाच येते, आणि एमआयडीसीत काम करणाऱ्याला तर ही खाणच आहे. प्रोडक्शनचं प्रोदुक्सिऑन, इन्स्पेक्शनचं इन्स्पेक्सिऑन, डॉक्युमेंटेशनचं दोकुमेन्तासिऑन. शॉपफ्लोअरवर दिवसभर जे शब्द बोलतो त्यातले निम्मे असेच निघतात. मला कुणी विचारलं सुरुवात कुठून करू तर मी हाच सांगते, फुकट आहे म्हणून नाही, डोकं उघडतं म्हणून.

कॉफी ब्रेक स्पॅनिश हा पॉडकास्ट आहे, स्कॉटलंडच्या लोकांनी केलेला, ऑडिओ फुकट, सोबतच्या नोट्सना पैसे. गप्पांसारखा आहे, पण बोलायला लावण्यापेक्षा समजावणं जास्त, त्यामुळं जोडीला चांगला, एकटा पुरत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या एफएसआय संस्थेनं त्यांच्या अधिकाऱ्यांसाठी केलेला जुना कोर्सही इंटरनेटवर फुकट मिळतो, सरकारी असल्यानं कॉपीराइट नाही, त्यात एकाच साच्यातली वाक्यं फिरवून फिरवून म्हणून घेतात, कंटाळवाणा आहे पण क्रियापदं जिभेवर बसतात. ड्रीमिंग स्पॅनिशमध्ये चित्रं काढून, हातवारे करून फक्त स्पॅनिशच बोलतात, पण ते डोळ्यानं बघायचं आहे, बसमध्ये कानानं नाही. डुओलिंगोचा स्पॅनिश पॉडकास्ट २०१७ मध्ये सुरू झाला, खऱ्या माणसांच्या खऱ्या गोष्टी, सोपी सावकाश स्पॅनिश आणि मध्ये मध्ये इंग्रजी, तो चार-सहा महिन्यांनी लावा, आधी लावला तर हिरमोड होईल.

हे सगळे कोर्स इंग्रजीवाल्यांसाठी आहेत, आपण मराठीवाले आहोत

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. मी लातूरकडची, मराठी मिडियममध्ये शिकलेली, इंग्रजी कामापुरतं येतं. सुरुवातीला मी आधी इंग्रजीत विचार करायचे आणि मग स्पॅनिश, दोन नद्या ओलांडल्यासारखं. मग एक दिवस धड्यात शिक्षक त्या विद्यार्थ्याला घोळून घोळून समजावत होता, की बाबा, स्पॅनिशमध्ये 'मी कॉफी आवडतो' असं नसतं, कॉफी ही मला आवडणारी असते, क्रियापद कॉफीप्रमाणं बदलतं. मी भाकरी थापत होते, हात पिठात, आणि मी तिथंच थांबले. मला कॉफी आवडते. मला घरं आवडतात. मे गुस्ता एल काफे. मे गुस्तान लास कासास. आपण जन्मल्यापासून असंच बोलतोय की! आई बाजूला शेंगा निवडत बसली होती, म्हणली, "कुणाशी बोलायलीस गं?"

त्या दिवसापासून नियम केला, कोर्सनं इंग्रजीत विचारलं की मनात आधी मराठी वाक्य करायचं आणि त्यावरून स्पॅनिश. असं केल्यावर एकेक गाठ सुटत गेली. चांगला मुलगा, चांगली मुलगी, तसंच नीन्यो बुएनो, नीन्या बुएना, फक्त विशेषण बहुतेक वेळा मागून येतं. आपल्याला तीन लिंगं सांभाळायची सवय, तिथं नामाला दोनच. बोलतो, बोलतोस म्हणताना 'मी', 'तू' गाळलं तरी कळतं, तसंच तिथं क्रियापदाच्या शेपटावरून कळतं. तू आणि तुम्ही, तसं तू आणि उस्तेद. 'मी घर बघते' पण 'मी मारियाला बघते', वस्तूला 'ला' नाही, माणसाला 'ला' आहे, स्पॅनिशमध्येही बेओ ला कासा पण बेओ आ मारिया, हा माणसापुढचा 'आ' शिकवायला इंग्रजीवाल्यांना वेगळा धडा लागतो. 'मी लहानपणी विहिरीत पोहायचे' आणि 'मी काल विहिरीत पोहले', या दोन भूतकाळांसाठी तिथंही दोन वेगळी रूपं आहेत, नादाबा आणि नादे. आणि ज्याला सगळे घाबरतात ते सबजंक्टिव्ह, त्याची भीती तर घालवाच, 'त्यानं यावं असं मला वाटतं' यातलं जे 'यावं' आहे ना, किएरो के बेंगा मधलं 'बेंगा' त्याच्या अगदी जवळचं. सगळीकडं जुळत नाही, पण पहिलं पाऊल ठेवायला दगड मिळतो.

अवघड जातं ते 'आहे'. आपलं एकच, त्यांचे दोन. मी लातूरची आहे, सोय दे लातूर. मी ऑफिसात आहे, एस्तोय एन ला ओफिसीना. इथं मराठी मदतीला येत नाही, तिथं कोर्सचं समजावणं दोनदा-तीनदा ऐका.

उच्चारातही आपण सुरुवातीलाच पुढं आहोत. त्यांचा त आणि द दातावरचा, आपल्या त-द च्या जवळ, इंग्रजी बोलणाऱ्याला ते जमवायला वेळ लागतो. प, त, क मध्ये हवेचा झोत नाही, तेही आपलंच. पेरो म्हणजे 'पण' आणि पेर्रो म्हणजे 'कुत्रा', हा जिभेचा कंप जमत नसेल तर 'कापड टर्रकन फाटलं' असं जोरात म्हणा, त्या टर्र मधला र तोच. स्पेनमधला घशातून येणारा ख तर आपल्याकडं संभाजीनगरात, नांदेडात उर्दू बोलणारी शेजारीण 'ख़बर' म्हणते तेव्हा रोज ऐकू येतो, आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, ते असते तर त्यांना हा आवाज शिकवावा लागला नसता. शब्दही ओळखीचे निघतात. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि तिचे शब्द मराठीत आलेले, त्यामुळं पाव म्हणजे पान, तंबाखू म्हणजे ताबाको, आणि पगार तर तिकडं पागार, पैसे देणे.

एक आठवडा चाचणी घ्या

दोनच कोर्स निवडा, चार नको. सोमवार ते बुधवार एकाचे पहिले तीन धडे, गुरुवार ते शनिवार दुसऱ्याचे. बहुतेक पैशाच्या कोर्सचा पहिला धडा नाहीतर थोड्या दिवसांची ट्रायल फुकट असते. धडा झाला की लगेच काही लिहू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळेपर्यंत कालच्यातली किती वाक्यं न बघता म्हणता येतात ते बोटावर मोजा, आणि त्यातलं एखादं बदलून धड्यात नसलेलं स्वतःचं वाक्य करता येतंय का तेही बघा. रविवारी ज्या कोर्सची बोटं जास्त आणि ज्यातून स्वतःचं वाक्य निघालं, तो घ्या. शिक्षकाचं इंग्रजी तुम्हाला न अडखळता कळतंय का हेही याच आठवड्यात कळेल, नाही कळलं तर कितीही नावाजलेला असो, सोडून द्या.

ट्रायल घेताना कार्ड किंवा यूपीआयचं ऑटोपे लागतं. माझे एकदा ट्रायल संपल्यावर अख्ख्या वर्षाचे पैसे कटले आणि परत मिळाले नाहीत. ट्रायल संपायच्या दोन दिवस आधीचा अलार्म लावा आणि ऑटोपे बंद करून स्क्रीनशॉट ठेवा. वर्षाचा प्लॅन लगेच घेऊ नका, एक महिना घ्या. आणि धडे डाऊनलोड होतात का ते नक्की बघा, गावाकडं, एसटीत रेंज जाते-येते, मधूनच धडा अडकला की लय तुटते.

रोज कधी आणि कसं ऐकायचं

एफएसआयचा अंदाज आहे की इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती चांगली स्पॅनिश यायला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात. रोज अर्धा तास धरला तर वर्षाचे होतात १८० च्या आसपास. म्हणजे तीस दिवसांत फाडफाड बोला असं कुणी म्हणत असेल तर त्यावर पैसे घालू नका. पण १८० तासांत साधं बोलणं नक्की जमतं, हे मी स्वतः करून सांगतेय.

धडा पहिल्यांदा ऐकताना तोंड मोकळं पाहिजे, म्हणजे घरात, गच्चीवर, शेतात. शेतीची लाईट रात्रीची असते, मोटर चालू करून बांधावर बसणाऱ्याला याच्याइतका निवांत वर्ग नाही, फक्त एकच कान वापरा, दुसरा साप-विंचवासाठी मोकळा ठेवा. गाडी चालवताना तर इयरफोन नकोच. बसमध्ये उजळणी करा, तोच धडा दुसऱ्यांदा, ओठातल्या ओठात. इयरफोन वायरचे साधे चालतील, पण स आणि फ वेगळे ऐकू आले पाहिजेत. ऐंशी टक्के जमलं की पुढं जा, एकाच धड्यावर घासत बसू नका, पुढच्या धड्यांत ते परत येतंच. आणि एक वही ठेवा, डावीकडं मराठी, उजवीकडं देवनागरीत स्पॅनिश, दिवसाला तीन वाक्यं, तुमच्या कामाची. महिन्या-दोन महिन्यांनी स्पॅनिश अक्षरांत लिहायला लागा, कारण त्यांचं स्पेलिंग जवळपास बोलतात तसंच आहे, फक्त एच मुका आणि बी-व्ही चा आवाज एकच.

पहिला कोर्स अर्धा झाला की माणूस शोधा. पूर्ण व्हायची वाट बघू नका. ऑनलाईन शिक्षक तासावर मिळतात, ऑफिसचा कस्टमर असेल तर कॉलची पहिली दोन मिनिटं मागून घ्या. त्यासाठी एक वाक्य घोकून ठेवा, मास देस्पासिओ, पोर फावोर, जरा सावकाश बोला. आणि मेक्सिकोवाला 'आओरीता' म्हणला तर लगेच होईल असं धरू नका, आपल्याकडं 'आत्ता करतो की' म्हणतात तसंच ते, पाच मिनिटं पण असतील आणि संध्याकाळ पण.

माझा पहिला खरा संवाद मे महिन्यात झाला, पलीकडची बाई सामानाची चौकशी करता करता थांबली आणि इकडं हवा कशी आहे म्हणून विचारलं. हे वाक्य कुठल्याच धड्यात नव्हतं. मी श्वास घेतला, मनात म्हणलं ऊन लै आहे, आणि तोंडातून आलं, आसे मूचो कालोर, कुआरेन्ता इ दोस ग्रादोस. बेचाळीस डिग्री. ती म्हणाली, मोन्तेर्रेइलाही अगदी तसंच आहे, आणि मग आम्ही दोघी मिनिटभर नुसत्या उन्हावर बोललो.